बिनपंख्याचं कार्ड

धनराजराव बच्छावांचं एक ठाम मत होतं. कंपनी कुठलीही वस्तू विकते, तेव्हा तिचा थोडा दम स्वतःकडे दाबून ठेवते. प्रेशर कुकर असो, स्कूटर असो, नाहीतर पाणी खेचायची मोटर. कागदावर लिहिलंय तेवढंच काम तिच्याकडून घेणारा माणूस बावळट, असं ते चारचौघांत सांगत. या मतापायी घरातले दोन मिक्सर शेंगदाण्याच्या कुटात धारातीर्थी पडले होते. स्कूटरच्या पेट्रोलची वाट बारीक करून त्यांनी तिचं ॲव्हरेज वाढवलं होतं, आणि त्याच आठवड्यात मावसबहिणीच्या लग्नाला निघालेल्या त्यांच्या बायकोने, सविताताईंनी, पैठणी सावरत ती स्कूटर द्वारका चौकातून ढकलली होती. धनराजराव हँडल धरून पुढे चालत होते. "गाडीचा दोष नाही," ते मागे न बघता म्हणाले होते, "तिला अजून सवय नाही."

नामपूरहून ते शिकायला नाशकात आले, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला आणि अंबडच्या एका स्विच बनवणाऱ्या कारखान्यात लागले. तिथे त्यांना त्यांच्या मताला साजेसं खातं मिळालं. स्विच जुळवणाऱ्या बायकांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, एका नगाला किती वेळ लागतो ते बघायचं आणि टार्गेट ठरवायचं. बघून झालं की धनराजराव मान डोलवून एकच वाक्य म्हणत, "अजून दम आहे." मग टार्गेट वाढे. बायका पाठीमागे त्यांना 'दमसाहेब' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं, आणि ती पदवी आहे असं समजून ते खूशही होते.

जुळवणीच्या शेडवर पत्रा होता. फाल्गुन लागला की तो तापायचा आणि आषाढापर्यंत तापलेलाच राहायचा. दिंडोरीकडच्या सरुबाई गांगुर्डे त्या शेडमधल्या सगळ्यांत जुन्या बाई. एका उन्हाळ्यात त्यांनी धनराजरावांना थांबवून सांगितलं, "साहेब, वरती दोनचार पंखे बसवून द्या ना. पत्रा लय तापतोय. घामानं हातातला नग निसटतो."

धनराजरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वर टिपण पाठवलं, 'पंख्याच्या वाऱ्याने स्विचमधल्या बारीक स्प्रिंगा उडून जाण्याचा संभव असल्याने पंख्याची आवश्यकता वाटत नाही.' ज्या स्प्रिंगा जमिनीवर आपटल्या तरी उसळत नसत, त्या वाऱ्याने कशा उडणार हे कुणी विचारलं नाही. टिपण इतक्या सुवाच्य अक्षरात होतं की त्यावर सही झाली.

नाशकातला सिंहस्थ उरकून वर्ष झालं असेल, तेव्हा बच्छावांच्या घरात कॉम्प्युटर आला. निमित्त आठवीतल्या पूजाचं होतं. कॅनडा कॉर्नरजवळ दिनेशचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथे धनराजराव गेले. सगळं ठरत आलं तेव्हा दिनेशने काउंटरवर दोन ग्राफिक्स कार्डं ठेवली. पडद्यावरची चित्रं हलती ठेवण्याचं काम या कार्डाचं. एकावर चिमुकला पंखा होता. दुसऱ्यावर पंखा नव्हता, नुसतीच ॲल्युमिनियमची दातेरी पट्टी होती, खोबऱ्याच्या किसणीसारखी.

"हे बिनपंख्याचं," दिनेश म्हणाला. "तापलं की ही पट्टीच उष्णता हवेत सोडते. आवाज अजिबात नाही. पण काम बेताचं करतं. याला ताणू नका."

'ताणू नका' एवढं कानावर पडलं आणि सौदा झाला.

"पंखा लागतो म्हणजे यंत्रात काहीतरी खोट असते," घरी जाताना त्यांनी पूजाला समजावलं. पूजाच्या मांडीवर कीबोर्ड होता आणि डोक्यात शाळेचा फुलपाखरांचा प्रकल्प. तिने मान हलवली.

कार्डाला कंपनीने एक ठरावीक वेग बांधून दिलेला असतो. एका छोट्याशा प्रोग्रॅमने तो वाढवता येतो, हे धनराजरावांनी आठ दिवसांत शोधून काढलं. पडद्यावर एक खुंटी दिसायची. ती माउसने उजवीकडे सरकवली की कार्ड जास्त जोरात पळायचं आणि जास्त तापायचं. मग चाचणी घ्यायची. चाचणीत एक राजवाडा दिसे, त्याभोवती तळं, तळ्यावरून उडत जाणारं एक जहाज. जहाज राजवाड्याला वळसा घालून आलं की पडद्यावर एक आकडा उमटायचा. आकडा मोठा, तर कार्ड दमदार.

खरं तर असल्या वेगाचा उपयोग गेम खेळणाऱ्यांना. धनराजराव गेम खेळत नसत. ते त्यांना पोरकट वाटे. त्यांना त्या वेगाने काहीच करायचं नव्हतं. त्यांना आकडा हवा होता. कामावरून आले की चहाचा कप घेऊन ते खुंटी तीळभर सरकवत आणि जहाज सोडत. दुसऱ्या दिवशी आणखी तीळभर. चाचणी चालू असताना घरात जोरात चालायलाही बंदी होती, कारण त्याने कार्डाचं चित्त विचलित होतं असा त्यांचा समज होता. पूजाची फुलपाखरं त्या वर्षी हातानेच रंगवली गेली.

आकडा मिळाल्यावर तो कुणाला तरी सांगायला हवा. सविताताईंना सांगून पाहिला. त्या म्हणाल्या, "बरं." मग धनराजरावांना इंटरनेटवर एक मंडळ सापडलं. आवाज न करणाऱ्या कॉम्प्युटरची आवड असलेली माणसं जगभरातून तिथे जमत आणि बिनपंख्याच्या कार्डातून कोण किती आकडा काढतो ते एकमेकांना कळवत. पहिल्या नंबरावर फिनलंडचा युहानी नावाचा कोणी गृहस्थ होता. त्याने आपल्या टेबलाचा फोटो लावला होता. टेबलामागे खिडकी, खिडकीत बर्फ.

धनराजराव त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसले. "याच्या खिडकीत बर्फ आहे," ते सविताताईंना म्हणाले. "आपल्या खिडकीत रसवंती. ही काय बरोबरी झाली?"

"मग रस प्या," सविताताई म्हणाल्या.

होळी झाली. धनराजरावांची आई, बयाबाई, डोळ्यातला मोतीबिंदू काढायला नामपूरहून आल्या आणि ऑपरेशन झाल्यावर महिनाभर राहिल्या. त्या काळात नाशिक तापायला लागलं आणि कार्डही. खुंटी जरा पुढे सरकली की राजवाड्याच्या भिंतींवर जांभळे त्रिकोण उगवत, जहाज तळ्यात उलटं होई आणि पडदा गोठे. धनराजरावांनी कॉम्प्युटरचं झाकण काढलं. बाजूला माठ ठेवला. मग ओला पंचा वाळत घातला. शेवटी हॉलमधला वाळ्याचा कूलर उचलून आतल्या खोलीत नेला आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं. कूलरलाही पंखा असतो, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. पण तो पंखा कूलरचा होता, कार्डाचा नव्हता.

बयाबाई डोळ्याला हिरवी पट्टी बांधून हॉलमध्ये वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या होत्या. दोन दिवस त्यांनी तसेच काढले. तिसऱ्या दिवशी भिंतीला धरत त्या आतल्या खोलीच्या दारात आल्या. उघड्या डोळ्याने त्यांनी कूलर बघितला, कॉम्प्युटर बघितला.

"हाऊ डबा तुना कोन लागस रे, धना?" त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं, जसं एखाद्या पाहुण्याचं नातं विचारावं.

"आई, चाचणी चालू आहे. दार लाव, गारवा बाहेर जातो."

बयाबाईंनी दार लावलं. त्याच दुपारी सविताताई सासूला घेऊन शेजारी राहणाऱ्या पगार कुटुंबाकडे गेल्या आणि तिथल्या कूलरसमोर दोघी गाढ झोपल्या. धनराजरावांना जहाज तळ्यात पडेपर्यंत घर रिकामं झाल्याचं कळलंच नाही.

कूलर लावूनही युहानीचा आकडा काही गाठता येईना. तेव्हा धनराजरावांना योगेश आहेर आठवला. योगेश पॉलिटेक्निकमधला मित्र. डिप्लोमा अर्धवट सोडून तो पिंपळगावला घरी गेला, द्राक्षं लावली आणि आता त्याचं स्वतःचं कोल्ड स्टोरेज होतं. परदेशी जाणारी द्राक्षं आधी एका बंद खोलीत गारठवतात आणि मग कंटेनरमध्ये भरतात. ती खोली धनराजरावांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांनी फोन केला.

"तुझ्या त्या गार खोलीत रविवारी थोडी जागा मिळेल का?"

"किती क्रेट आहेत?" योगेशने विचारलं.

"क्रेट नाही. कॉम्प्युटर आहे."

"बिघडलाय का?"

"नाही रे. त्याचा दम बघायचाय."

सीझन ऐन भरात होता आणि त्याच्यामागे कामं होती. "जेवायला थांबणार असशील तर ये," तो म्हणाला.

रविवारी धनराजराव मेव्हण्याची व्हॅन घेऊन पिंपळगावला गेले. स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून ते खोलीत शिरले. कॉम्प्युटर स्टुलावर ठेवला. चहूकडे द्राक्षांच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि समोरच्या भिंतीत माणसाच्या उंचीचे पंखे घोंघावत होते. जगाच्या पाठीवर कुठल्याही ग्राफिक्स कार्डाला एवढा मोठा पंखा लाभला नसेल.

"बिनपंख्याचं म्हणालास ना?" योगेशने ओरडून विचारलं. पंख्यांपुढे साधं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"पंखा खोलीला आहे," धनराजराव ओरडले. "कार्डाला कुठे आहे?"

योगेशने यावर वाद घातला नाही. द्राक्षाच्या व्यापाऱ्यांशी बोलून त्याला याहून चमत्कारिक युक्तिवादांची सवय झाली होती.

धनराजरावांनी बोटं फुंकत खुंटी सरकवली. एरवी जिथे जांभळे त्रिकोण उगवत, तिथून ती खूप पुढे गेली आणि जहाज राजवाड्याभोवती असं फिरून आलं की जणू ते रोजच फिरायला जातं. आकडा उमटला. युहानी मागे पडला होता. धनराजरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीने असेल किंवा तसंही असेल. योगेशने फोटो काढला. पेट्या आणि पंखे फोटोत येऊ नयेत म्हणून धनराजरावांनी मागे पांढरी चादर धरायला दोन माणसं उभी केली.

मग जेवण झालं. शेवभाजी, भाकरी, वर मठ्ठा. जेवणानंतर योगेशने बाग दाखवली, आणि तोवर कॉम्प्युटर उन्हात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये पडून राहिला. गार वस्तू एकदम उष्ण हवेत आणली की तिच्यावर दव धरतं. त्या दिवशीही धरलं, आणि गाडीतल्या धगीने वाळूनही गेलं. धनराजरावांना त्याचा पत्ता लागला नाही. आपल्याला शेवभाजीने वाचवलं हे त्यांना कळलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

मंडळाला त्यांनी आकडा कळवला, सोबत फोटो. 'खोलीचं तापमान?' या रकान्यात लिहिलं, 'नेहमीचं.' खोली कुठली ते कुणी विचारलं नव्हतं. जगभरातून शाबासक्या आल्या. युहानीने मोठ्या मनाने हार कबूल केली. एवढंच विचारलं, की भारतात मार्च महिन्यात लोक लोकरीची टोपी का घालतात?

धनराजरावांनी उत्तर दिलं, 'आमच्याकडे मंगल प्रसंगी मस्तक झाकण्याची रीत आहे.'

आपल्या अज्ञानाबद्दल युहानीने क्षमा मागितली.

पुढे हे वाढत गेलं. कारखान्यातल्या एकाने गावच्या वर्तमानपत्राला कळवलं आणि आतल्या पानावर बातमी आली, 'नाशिकच्या अभियंत्याने संगणकाला लावली शिस्त'. फोटो तोच, कानटोपीचा. बातमीच्या शेजारीच उष्माघातापासून बचाव कसा करावा याची माहिती होती. एकाही वाचकाला काही वावगं वाटलं नाही. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी धनराजरावांना केबिनमध्ये बोलावून शाल आणि नारळ दिला.

"बच्छाव," मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे तेच यंत्र, तोच खर्च, आणि काम जास्त?"

"होय सर."

"वर काही सोयसुद्धा करायची नाही?"

"काही नाही सर. फक्त दम ओळखायचा."

मोठे साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांना फार दिवसांनी कारखान्यात कुणाचं तरी बोलणं आवडलं होतं. "हे आपल्या वर्धापनदिनाला करून दाखवा," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. जुळवणीच्या बायकांना पुढे बसवू."

धनराजराव "हो" म्हणाले. दुसरं काही म्हणण्याची त्यांना सवयच नव्हती. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी तारीख मोजली. वर्धापनदिन एप्रिलच्या मध्यावर, कार्यक्रम कॅन्टीनच्या शेडमध्ये. तिथल्या उकाड्यात खुंटी तीळभरसुद्धा पुढे सरकणार नव्हती. सविताताई म्हणाल्या, "सांगून टाका ना, थंड खोलीत झालं म्हणून. त्यात लाज कसली?"

"लोकांचा विश्वास आहे," धनराजराव गंभीरपणे म्हणाले. "तो असा मोडता येत नाही."

त्यांनी विश्वास जपायचा मार्ग काढला. आदल्या दिवशी कॉम्प्युटर योगेशकडे नेऊन गार खोलीत ठेवला. कार्यक्रमाच्या सकाळी तो बाहेर काढून आईच्या जाड गोधडीत गुंडाळला आणि व्हॅनच्या काचा बंद करून तडक आग्रा रोडने अंबड गाठलं. यंत्र तासभर जरी गार राहिलं, तरी एक चाचणी सहज पार पडेल, असा हिशोब होता. योगेशने जेवायला थांब म्हटलं. ते थांबले नाहीत.

कॅन्टीनमध्ये दीड-दोनशे माणसं बसली होती. वर पंखे फिरत होते, ते कॅन्टीनचे म्हणून. जुळवणीच्या बायका पहिल्या रांगेत, सरुबाई मधोमध. धनराजरावांनी सगळ्यांसमोर गोधडी सोडली, कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि बोटाने दाखवलं, "बघा. पंखा आहे कुठे?" नव्हता. टाळ्या झाल्या.

इथेच बटण दाबलं असतं तर कदाचित जमून गेलं असतं. पण समोर माणसं बसली होती, हातात माइक होता आणि मोठे साहेब कौतुकाने बघत होते. धनराजराव बोलायला लागले. प्रत्येकात दम दडलेला असतो, म्हणाले. सोयी मागणं हे कमकुवतपणाचं लक्षण, म्हणाले. फिनलंडसारखा देश बर्फात बसून जे करू शकला नाही ते नाशिकने करून दाखवलं, म्हणाले. त्यांची पाठ कॉम्प्युटरकडे होती. तिकडे त्या गार पत्र्यावर आधी धुकट पापुद्रा धरला, मग बारीक थेंब उगवले, मग थेंब एकमेकांना भेटले आणि किसणीसारख्या पट्टीच्या दात्यांवरून खाली ओघळायला लागले. भाषण आणखी दोन तास चाललं असतं, तर सगळं वाळूनही गेलं असतं. धनराजराव नेमके चुकीच्या वेळी थांबले.

पहिल्या रांगेत कुजबुज झाली. सरुबाई पुढे वाकून बघत होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "याला बी घाम फुटला जणू."

आधी शेजारची हसली, मग रांग हसली. धनराजरावांनी ते हसू कौतुकाचं धरलं आणि मागे न बघता बटण दाबलं. आवाज फार मोठा झाला नाही. फोडणीत मोहरी तडतडते तेवढाच. एक निळी रेघ चमकली, जळक्या रबराचा वास सुटला आणि कॅन्टीनचा फ्यूज उडाला. वरचे पंखे गरगरत हळू झाले आणि थांबले. पहिल्या रांगेला त्याचं विशेष काही वाटलं नाही. मागच्या रांगांतले साहेब लोक मात्र रुमाल काढून मान पुसायला लागले.

"विजेचा दाब एकदम वाढला," धनराजराव माइकमध्ये म्हणाले. माइक बंद होता.

त्या संध्याकाळी त्यांनी कार्ड काढून सविताताईंच्या केस वाळवायच्या मशीनने वाळवलं, जुन्या टूथब्रशने घासलं आणि दुसऱ्या दिवशी दिनेशच्या दुकानात गॅरंटीवर बदलून मागितलं.

"साहेब, याच्यावर पाणी पडलंय," दिनेश म्हणाला.

"नाशिकची हवा दमट आहे."

"एप्रिलमध्ये?"

धनराजराव भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागले. दिनेश भला माणूस. पोरीचा अभ्यास थांबायला नको म्हणून त्याने एक वापरलेलं कार्ड पदरचं बसवून दिलं. त्याला पंखा होता. तो सुरू झाला की घरघर वाजे, आणि त्या घरघरीत पूजाने नववीचा सगळा अभ्यास केला. वडील त्या खोलीत फारसे येत नसत. तो आवाज त्यांना सहन होत नसे. मंडळाला त्यांनी शेवटचं पत्र लिहिलं. आपलं कार्ड उत्तम चालू आहे, पण नव्या लोकांना संधी मिळावी म्हणून आपण स्पर्धेतून निवृत्त होत आहोत. युहानीने निरोप देताना लिहिलं की अशी विनम्र माणसं आता दुर्मीळ झाली आहेत.

यानंतर धनराजरावांची कारखान्यात नाचक्की होईल असं कुणालाही वाटेल. तसं काही झालं नाही. यंत्र जळालं होतं, पण भाषण शाबूत होतं, आणि मोठ्या साहेबांना भाषणच हवं होतं. आठवड्याभरात जुळवणीच्या शेडमध्ये हिरव्या रंगात पाटी लागली, 'प्रत्येकात दम दडलेला असतो.' त्याखाली नवं टार्गेट. धनराजराव असिस्टंट मॅनेजर झाले आणि त्यांना काचेची केबिन मिळाली.

बायकांनी तो उन्हाळा काढला, पावसाळाही काढला. जानेवारीत द्राक्षांचा सीझन लागला तेव्हा सरुबाईंनी सांगून सवरून काम सोडलं. त्या पिंपळगावला द्राक्षं निवडायला गेल्या. मागोमाग तिघी गेल्या, मग एकदम सातआठ. नव्या मुली भरती झाल्या, पाटी वाचली, टार्गेट वाचलं, आणि पत्रा तापला तशा त्याही येईनाशा झाल्या. एक लाइन बंद पडली. गिऱ्हाईकाचे फोन सुरू झाले.

तेव्हा धनराजरावांनी पुन्हा एक सुवाच्य टिपण लिहिलं. 'हवा खेळती ठेवल्यास उत्पादन वाढते असे माझ्या प्रदीर्घ निरीक्षणातून सिद्ध झाले आहे.' शेडमध्ये पंखे बसले. स्प्रिंगा उडाल्या नाहीत. वर्षाची उत्तम सूचना म्हणून त्या टिपणाला बक्षीस मिळालं आणि धनराजरावांना दुसरी शाल. सविताताईंनी ती कपाटात पहिलीच्या वर ठेवली. "आणखी एक झाली की वाकळ शिवता येईल," त्या म्हणाल्या.

पंखे आले, पण हात गेले होते ते गेलेच. जुन्या बायकांना परत आणायचं काम मोठ्या साहेबांनी धनराजरावांवर सोपवलं. ते पिंपळगावला गेले. सरुबाई योगेशच्याच शेडमध्ये निघाल्या. डोक्याला पांढरी टोपी, हातात बारीक कात्री. घड उचलायचा, डागी मणी कापायचे, पेटीत ठेवायचा. शेडमध्ये चांगला गारवा होता. धनराजरावांनी घाम पुसायला काढलेला रुमाल परत खिशात ठेवला.

"या साहेब," सरुबाई म्हणाल्या. "घरची समदी बरी हायेत ना?"

"बरी आहेत. सरुबाई, आपण पंखे बसवले. सगळ्या शेडमध्ये."

"बरं झालं. पोरींना तेवढंच बरं वाटंल."

"तुम्ही परत या. सगळ्याच या."

सरुबाईंनी घड फिरवून बघितला. "इथं बी काय सुख नाय, साहेब. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. सीझन सरला की काम बी सरतं. पण इथं पाठीमागं कोणी उभं राहत नाय."

धनराजरावांना हे आपल्याबद्दल असावं असं वाटलं नाही. त्यांनी मनात नोंद केली, की देखरेख कमी असणं ही तिथली त्रुटी आहे.

"मग काय कळवू वर?"

"सांगा, विचार करतो म्हणून."

योगेशने निघताना द्राक्षांची पेटी गाडीत ठेवली आणि या खेपेला जेवूनही घातलं. दुसऱ्या दिवशी धनराजरावांनी अहवाल दिला, 'महिलांचा प्रतिसाद सकारात्मक आहे.' सीझन संपला, दुसरा आला, तिसरा आला. त्यांच्यापैकी एकही परत आली नाही. धनराजराव दर सहा महिन्यांनी तोच अहवाल तारीख बदलून पाठवत राहिले, आणि मोठे साहेब त्यावर समाधानाने सही करत राहिले.